अण्णांचा नकाशा आणि माईची खिडकी

जुनं घर दुरुस्तीला काढलं की लोक पहिल्यांदा विचारतात खर्च किती आला. ते सांगतो पुढं, पण आमच्याकडं खरी भांडणं खर्चावरून झाली नाहीत, ती झाली घर कुठल्या सालचं करायचं यावरून. १९३७ सालचं, म्हणजे आजोबांनी बांधलं तेव्हाचं? की आम्ही लहानपणी बघितलेलं? की नकाशात होतं पण कधी बांधलंच नाही ते?

आजोबा, म्हणजे अण्णा (घरात सगळेच अण्णा म्हणायचे, माझे बाबा पण) आर्किटेक्ट. मुंबईला जेजेत, म्हणजे जे. जे. स्कूलला आर्किटेक्चर शिकलेले. तेव्हा तिथं क्लॉड बॅटली प्रिन्सिपल होते, १९२३ ते १९४३ तेच होते. माणूस इंग्रज, पण पोरांना आपल्याकडच्या जुन्या वास्तू टेप लावून मोजायला लावायचा आणि मग त्याची ड्रॉइंग करून घ्यायचा. ही मोजायची खोड अण्णांना जी लागली ती जन्मभर गेली नाही. शिकून सांगलीला परत आले, तेव्हा इथं पटवर्धनांचं संस्थान होतं, आयर्विन पूल १९२९ ला होऊन थोडीच वर्षं झालेली. आधी चार लोकांची घरं केली आणि मग गावभागात, म्हणजे सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीत, स्वतःच्या बायकापोरांसाठी हे बांधलं.

घर बैठंच आहे, वर माळा. चुन्यात बांधलेल्या दीड फुटी विटांच्या भिंती, दांडेलीच्या सागवानाच्या कैच्या, वर मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी. जोतं चार फूट उंच, कृष्णा नदी काय करते हे गावभागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पुढं डाव्या हाताला अण्णांची ड्रॉइंगची खोली, तिला रस्त्याकडून वेगळं दार, म्हणजे कामासाठी आलेला माणूस घरात शिरायला नको. त्या खोलीला उत्तरेकडं भिंतभर काच, का तर उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, कागदावर हाताची सावली हलत नाही. प्रत्येक खोलीत छताला लागून झरोके, उन्हाळ्यात गरम हवा वरून निघून जाते, एप्रिलमध्ये बाहेर चाळीस असताना आमच्या माजघरात दुपारी झोप लागते.

२००५ च्या पुरात पाणी जोत्यावरून आत आलं. त्यानंतर काकांनी कुणाच्या तरी सल्ल्यानं भिंतींना आतून-बाहेरून छातीएवढ्या उंचीपर्यंत सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं, पुन्हा पाणी आलं तरी भिंतीत मुरू नये म्हणून. ऐकायला बरोबर वाटतं. मग ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, त्यावेळी नदी ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या खिडक्यांचे कठडे पाण्याखाली, आणि पाणी दिवसेंदिवस तसंच. माणसं आधीच मिरजेला नेली होती म्हणून बरं. पाणी उतरल्यावर गाळ काढला, फरशा धुतल्या, सहा महिन्यांनी घर बाहेरून कोरडं ठणठणीत दिसायला लागलं आणि मग भिंतींना लोणा फुटायला लागला. गंमत म्हणजे सिमेंट जिथं संपतं त्याच्या वर. खाली गुळगुळीत कोरडं आणि डोक्याच्या उंचीवर पांढरी भुकटी, हात लावला की चुन्याचा गिलावा पापडीसारखा सुटून खाली.

कारण सरळ आहे, पण आम्हाला ते कळायला माहितगार माणूस यावं लागलं. विटा आणि चुना पाणी पितात आणि पाणी सोडतात पण. पुराचं पाणी जमिनीतनं, सांध्यातनं, कुठनंही भिंतीत शिरतंच, ते बाहेर पडायची वाट सिमेंटनं बंद केलेली. मग ते आतल्या आत वर चढतं आणि सिमेंट संपलं की तिथनं बाहेर येतं, येताना विटेतले क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच खडे धरून गिलावा ढकलून पाडतात. म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणून केलेल्या कामानं पाणी बाहेर पडायचं बंद झालं. काकांना दोष देत नाही, त्या पुरानंतर अख्ख्या गल्लीनं तेच केलं होतं.

मध्ये कोरोना झाला, मग जुलै २०२१ ला परत पाणी आलं. दरम्यान एका बिल्डरचा निरोप येऊन गेला, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या, पुण्याचा चुलतभाऊ फ्लॅटच्या बाजूनं आणि अमेरिकेतली चुलतबहीण रोज जुने फोटो टाकणार. प्रॉपर्टी कार्डावर सगळ्या वारसांची नावं लावणं, सह्या, कुणाचा अंगठा, ते सगळं लिहीत बसत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहितीय. शेवटी पाडायचं नाही असं ठरलं, आणि ते ठरलं आत्यामुळं. आत्या पंच्याऐंशीच्या घरात, जन्म याच घरातला. ती एवढंच म्हणाली, मी असेपर्यंत नको, नंतर काय करायचं ते करा. यावर कोण काय बोलणार.

जुन्या इमारतींची कामं करणारी एक आर्किटेक्ट मिळाली, वयानं आमच्यापेक्षा लहान, पण आम्ही मॅडमच म्हणायचो. तिनं आल्या आल्या काहीच तोडायला घेतलं नाही. आधी मोजणी. लेझरचं मशीन, टेप, ओळंबा, प्रत्येक भिंत, प्रत्येक खिडकी, फरशीचा उतार सुद्धा. मला वाटलं फी लावायची काहीतरी कारणं. तेवढ्यात माळ्यावर पत्र्याच्या नळीत अण्णांचे मूळ नकाशे सापडले, माळ्यावर असल्यामुळं एकाही पुरात भिजले नव्हते. ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईनं काढलेले, १ इंचाला ८ फूट, अक्षर असं की छापलंय वाटावं. मॅडमनं तिचं नवीन ड्रॉइंग आणि अण्णांचं जुनं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडलं आणि आम्ही सगळे वाकून बघायला लागलो.

दोन्ही जुळत नव्हती.

नकाशात देवघरच नाही. जिथं आमचं देवघर आहे तिथं 'स्टोअर' लिहिलेलं. नकाशात स्वैपाकघरामागून माळ्यावर जायला लाकडी जिना आहे, घरात आम्ही जन्मभर शिडी लावून चढलो. आणि स्वैपाकघरात उभं राहून काम करायचा ओटा, त्यावर शेगड्यांची जागा, वर धुराडं, सगळं बारीक काढलेलं, आणि ओट्याच्या शेजारी समासात पेन्सिलीनं एक छोटी बाई उभी काढलेली, तिच्या डोक्यावर आडवी रेघ आणि '४'-१०"', त्याखाली ओट्याची उंची '२'-६"'. म्हणजे ती माझी आजी, माई. बायकोची उंची मोजून त्या हिशोबानं ओटा काढलेला होता. १९३७ साली, सांगलीत, जिथं अख्खं गाव खाली बसून स्वैपाक करत होतं.

बहिणीनं व्हिडिओ कॉलवर हे बघितलं आणि रडायलाच लागली. आत्या खुर्चीत बसून ऐकत होती, ती म्हणाली, "अगं त्या ओट्यावर लोणच्याच्या बरण्या असायच्या. माईनं एक दिवस पण त्यावर स्वैपाक केला नाही. धुराडं पश्चिमेला काढलेलं, वारं सुटलं की सगळा धूर उलटा घरात. ती आपली मागच्या दाराशी खाली चूल मांडून बसायची." आणि खिडकीची गोष्ट पण तेव्हाच कळली. चुलीपाशी जी बुटकी खिडकी आहे, बसल्या माणसाच्या डोळ्याला येईल अशी, परसातली विहीर आणि खेळणारी पोरं दिसतील अशी, ती नकाशात कुठंच नव्हती. अण्णा कामासाठी मुंबईला गेले असताना माईनं गवंडी बोलावला आणि भिंत फोडून घेतली. अण्णा आल्यावर काय म्हणाले ते आत्याला माहीत नाही, ती तेव्हा झाली नव्हती, पण खिडकी राहिली ती राहिलीच.

मला खरं सांगायचं तर हे ऐकून बरं वाटलं. आर्किटेक्टनं स्वतःच्या घरच्यांसाठी बांधलेलं घर म्हणलं की लोक हळवे होतात. पण दुसऱ्याचं घर करताना मालक तरी नडतो, हे नको ते नको म्हणतो. स्वतःच्या घरात नडणारं कोण? अण्णांनी माईची उंची मोजली, पण स्वैपाक कसा करतेस हे विचारलं असेल असं वाटत नाही.

आता भांडण. सिमेंट काढायचं यावर सगळ्यांचं एकमत. पण बाकीचं? बहीण म्हणे नकाशाप्रमाणं सगळं करा, अण्णांचं घर आहे, खिडकी बुजवा आणि जिना बांधा. भाऊ म्हणे मग देवघर काढून स्टोअर करणार काय. काका म्हणे आम्ही साठ वर्षं राहिलो ते घर करा. मॅडमनं मग फ्रँक लॉइड राईट या अमेरिकन आर्किटेक्टच्या घराचं सांगितलं. शिकागोजवळ ओक पार्कला त्यानं १८८९ साली स्वतःसाठी घर बांधलं, तेव्हा तो बावीस वर्षांचा, ज्यांच्याकडं नोकरी करायचा त्या लुई सलिव्हन यांच्याकडनं ५००० डॉलर कर्ज काढून. पोरं झाली, सहा झाली, तसं घर वाढवत गेला, १८९५ ला पोरांना खेळायची मोठी खोली काढली, तिच्या खिडक्या लहान पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला, १८९८ ला शेजारी स्वतःचा स्टुडिओ. पुढं १९११ मध्ये त्यानंच त्याची वेगवेगळी बिऱ्हाडं केली, भाड्यानं द्यायला म्हणून. १९७४ पासून १९८७ पर्यंत ते घर दुरुस्त केलं तेव्हा त्या लोकांपुढं पण हाच प्रश्न होता, कुठलं साल? त्यांनी १९०९ धरलं, त्यानंतर झालेलं काढून टाकलं, त्यात खुद्द राईटनं केलेलं पण आलं.

"१९०९ च का?" भावानं विचारलं. तर ते त्याचं कुटुंबाबरोबर तिथलं शेवटचं साल, त्यानंतर तो घर सोडून दुसऱ्या बाईबरोबर युरोपला गेला. आत्याचं यावर म्हणणं, "बायकापोरांना टाकून गेला ते साल धरून बसले होय? शहाणेच की." मॅडमला हसू आवरेना. पण मुद्दा तिला सांगायचा होता तो पोचला, की एक साल धरलं की बाकीची सालं पुसावी लागतात आणि कुठली पुसायची ते आधी ठरवा. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींच्या अहमदाबादच्या घराचं पण बोलणं निघालं, पुण्यात जन्मलेला माणूस, २०१८ ला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्टांमधला मोठा पुरस्कार, मिळालेला पहिला भारतीय, त्यांनी स्वतःच्या घराला बायकोचं नाव दिलं, कमला. यावर आत्या काही बोलली नाही, नुसती मान हलवली.

शेवटी ठरलं ते असं, की एकच साल धरायचं नाही. भिंतींना जे मारक आहे ते काढायचं, मग ते कुणीही केलेलं असो. जे राहणाऱ्या माणसानं गरजेपोटी केलं आणि भिंतीला झेपतं ते ठेवायचं. म्हणून सिमेंट गेलं, देवघर राहिलं, खिडकी राहिली. खिडकीला मात्र वर तुळई नव्हती, माईच्या गवंड्यानं नुसतं भोक पाडून चौकट बसवलेली, वरच्या विटांना जिन्यासारखी तिरकी चीर गेलेली. तिथं टेकू लावून वरचं ओझं पेललं, मग सागवानी तुळई सरकवली, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच भिंतीत टेकलेली. जिना पण बांधला, पण लाकडी नाही, सरळ लोखंडी, रंग मारून, बघणाऱ्याला कळावं की हे आत्ताचं आहे. १९३७ ला तो का राहिला होता? आत्या म्हणते ड्रॉइंगच्या खोलीच्या काचांत पैसे संपले. पूर येणाऱ्या घराला माळ्यावर चढायला धड वाट नाही आणि ड्रॉइंगला भिंतभर काच, हे मला अजून पटत नाही, अण्णा असते तर भांडलो असतो.

सिमेंट काढायला ब्रेकर मशीन लावू दिलं नाही, हादऱ्यानं विटा सुटतात म्हणून सगळं छिन्नी-हातोडीनं. मग भिंती उघड्या सोडल्या, अख्खा उन्हाळा, नुसत्या लाल विटा. पहिले काही दिवस घरात नदीचा वास यायचा, २०२१ चं पाणी अजून आतच होतं. शेजारीपाजारी रोज विचारायचे काय हो बंद पडलं काय काम. लोणा फुटला की कोरड्या ब्रशनं झाडायचा, धुवायचा नाही, धुतला की परत आत.

चुन्याचे मिस्त्री वाई-मेणवलीकडं देवळांची कामं केलेले मिळाले, त्यांना सगळे मामा म्हणायचे. त्यांनी परसात विटांचं हौद काढलं, कळीचा चुना, म्हणजे भाजलेले कोरडे खडे, आणला, आणि पोरांना लांब पिटाळून पाण्यात टाकला. मी ते पहिल्यांदाच बघितलं. आधी काहीच होत नाही, मग एकदम खदखद, वाफेचे लोट, पाणी अक्षरशः उकळतं, एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाईल म्हणून मामांनी सगळ्यांना चष्मे लावलेले. थंड झाल्यावर चाळून परत पाण्याखाली ठेवला, महिन्यावर. मामा मधनंच हात घालून अंगठ्यानं चोळून बघायचे, खडा लागला की अजून नाही म्हणायचे. तयार झाला तेव्हा श्रीखंडासारखा होता, थापीला धरून राहायचा.

दुसऱ्या बाजूला पिंपात हिरडा आणि गूळ भिजत घातलेला. गूळ आपल्याकडं काय कमी नाही, पण मामांना जुना काळा पडलेला पाहिजे, मार्केट यार्डात व्यापाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला गुरांना पाहिजे का. भिंतीला म्हणल्यावर त्यानं वर बघितलं. पिंपाला मुंग्या लागल्या, वास आंबूस, बायका म्हणायच्या हे आत आणू नका. ते पाणी चुना, सुरकी (विटांची पूड) आणि वाळूच्या मिश्रणात घालून मोटारवर चालणाऱ्या छोट्या घाण्यात दळून घ्यायचं. मालाची परीक्षा म्हणजे, मामा ओल्या विटेवर एक थर थापायचे आणि वीट उलटी धरायचे. पडला नाही तर लावायला घ्यायचा.

चुना सिमेंटसारखा पाण्यानं घट्ट होत नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगड होतो, त्यामुळं घाई चालत नाही. पातळ थर, अर्ध्या इंचाच्या आत, तो धरला की पुढचा. ऊन लागून तडकू नये म्हणून खिडक्यांना ओली गोणपाटं, आणि सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी शिंपडायचं काम माझ्याकडं. शेवटचा हात घोटाईचा, मामांची बायको दगडी गोटा घेऊन गोल गोल फिरवत बसायची, दुपारभर एकच पट्टा, मधनंच हाताला खोबरेल लावायची कारण चुन्यानं बोटांची सालं जातात. ती भिंत हाताला कशी लागते ते सांगता येत नाही, येऊन बघा.

कौलांचं काम लवकर उरकलं, एकच सांगतो, मंगलोरी कौल म्हणून कुठलंही चालत नाही, प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच वेगळी, आपल्या कौलात बसत नसेल तर पहिल्या पावसात गळणार. भंगारवाल्याकडं जाताना आपलं एक कौल हातात घेऊन जा. वायरिंग सगळं वरनं खाली आणलं, बटणं आणि प्लग २०१९ च्या खुणेच्या वर, म्हणून आमच्या घरी फ्रिजचा प्लग डोक्यापाशी आहे, पाहुणे हसतात.

खर्च. फक्त गिलाव्याचं बघाल तर सिमेंटच्या दुपटीच्या पुढं गेला, आणि वेळ तर विचारूच नका. सरकारी मदत मिळाली नाही, मागितली पण नाही. भावानं शेवटी त्याचा वाटा दिला, बदल्यात त्याला संडास-बाथरूम लागून असलेली खोली पाहिजे होती. ती कुठं करायची यावर परत एक भांडण झालं. ड्रॉइंगच्या खोलीत करा म्हणाला, उजेड चांगला आहे. बाथरूमला उत्तरेचा उजेड! शेवटी पडवीच्या टोकाला, मूळ भिंतीला हात न लावता वेगळी केली.

मागच्या भिंतीला अजून थोडा लोणा येतोय, मामा म्हणतात येऊ दे, बाहेर येतोय हे चांगलंच आहे, झाडत राहा. प्लास्टिक पेंट लावायचा नाही, नुसती चुन्याची सफेदी. कुणाला असं काम करायचं असेल तर चुना दिवाळीनंतर लगेच भिजत टाका, म्हणजे थंडीत गिलावा होतो आणि पावसाळ्याआधी भिंतीला वाळायला चार महिने मिळतात. आणि मामांचा नंबर मागू नका, ते सध्या दुसरीकडं एका देवळाच्या शिखरावर आहेत, तिथून खाली उतरल्याशिवाय फोन घेत नाहीत.